दहावी फ्रेम

वडील मान खाली घालून जग बघायचे.
लाजेनं नव्हे, कॅमेराच तसा.
छातीपाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं
आणि आडात वाकावं तसं काचेत वाकायचं.
दोन डोळे, एकाखाली एक:
वरचा नुसता बघणार, खालचा लक्षात ठेवणार.
काचेत डावं ते उजवं.
शाहूपुरी तालमीचा केरबा उजवा दंड फुगवायचा,
आत फुगायचा डावा,
आणि वडील त्याला "इकडं सरक" म्हणत
स्वतःच तिकडं सरकायचे.

जपानी माल. साल अठ्ठावन्न.
गुजरीत आईच्या पाटल्या ठेवून आणलेला.
त्यातली एकच सुटली पुढं.
ती आई उजव्या हातात घालायची. फोटोत तरी उजव्याच.

रोलला बारा फोटो. बारा म्हणजे बारा.
"हलला काय रे? हलला असशील तर
तुझं नशीब, माझी फिल्म नाही."
रोल संपला की काळा कागद घट्ट आवळून
टोकाच्या पट्टीला जीभ लावायचं काम माझं.
किंचित गोड डिंक,
खोकल्याच्या औषधातून पाणी काढल्यासारखा.

खासबागेत एकदा निकाली कुस्तीच्या ऐन डावावर
हँडल अडकलं.
मुंबईवाल्यानं कळवलं, पार्ट येत नाही, नवा घ्या.
नवा!

उद्यमनगरात बाबालाल मुल्लाणी
ऑईल इंजिनचे पार्ट काढायचा लेथवर.
तुटकं चाक तळहातावर घेऊन म्हणाला,
"मिणचेकर, ह्ये चाक हाय का तीळ?"
तीन रात्री भिंग लावून पितळ कापलं त्यानं.
पैसे नको म्हणाला. लेथशेजारी एक फोटो काढा,
आणि हाताचं तेल पुसायला सांगू नका.

चाक बसलं. चाललं.
फक्त एक दात कमी पडला होता.

तेव्हापासून दर रोलला
नववी फ्रेम आणि दहावी एकमेकींवर चढायच्या,
बोटभर, कधी दोन बोटं.
वडिलांनी चाक बदललं नाही, हिशेब बदलला.
नवव्या वेळी गिऱ्हाईक एका कडेला उभं करायचं,
आणि दहावी घरच्यांवर काढायची.
वाया घालवण्यापेक्षा.

म्हणून माझं सगळं बालपण दहाव्या फ्रेमचं.
पहिलीतल्या माझ्या फ्रॉकवर
कारखान्याच्या कुणा चेअरमनच्या फेट्याचा तुरा.
धाकट्याच्या पाळण्यात अनोळखी नवरदेवाच्या मुंडावळ्या.
आखातात निघालेल्या एका पोराचा पासपोर्टचा कान
आमच्या अंगणातल्या तुळशीला.

आईचा एकच फोटो. चुलीपाशी उभी,
आणि खांद्यातून वर निघालेलं
गंगावेशीतल्या बक्षिसाच्या म्हशीचं शिंग.

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तोच होता.
निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचं मी वडिलांकडून शिकले होते,
देवीचे व्रण बुजवायचे,
नवऱ्यामुलीचं नाक जरा सरळ करायचं.
रात्रभर बसले काचेच्या मेजावर.
शिंग पुसलं की खांदा पडायचा,
खांदा उचलला की ती कुणीतरी दुसरीच.
पहाटे पेन्सिल ठेवून दिली.
वडील म्हणाले, बरं केलंस,
आणि दूध आणायला गेले.

अजून पाहुणे विचारतात, हे काय?
म्हैस, म्हणते मी.

परवा राजारामपुरीचा एक पोरगा आला, दाढीवाला.
हल्ली अशा कॅमेऱ्यांना भाव आहे म्हणे.
ओसाकाहून असली चाक मागवतो, म्हणाला,
ओव्हरलॅप जाईल, काकू, किंमत दुप्पट येईल.
रोल सोबत आणला होता त्यानं.
मी दारात बसले, मान खाली घालून तो वाकला,
मला उजवीकडं सरकायला सांगत डावीकडं हात हलवत राहिला.

कितवी? मी विचारलं.
पाचवी.

मग थांब की रे जरा.
समोरच्या गिरणीवाल्याचे काढ, कुत्र्याचा काढ एक.
मी चहा टाकते तोवर.